संग्रह वाढवला

माझं नाव खंडेराव निकम. सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूमला एकतीस वर्षं काढली, आता तीन वर्षं झाली घरी आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, मला कोणाचा खून करायचा नाही. हे सांगावं लागतं. घरी आलेला पाहुणा चहा घेता घेता आमच्या हॉलमधल्या काचेच्या कपाटाकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो, आणि बिस्किट न घेताच उठतो. कपाटात सुऱ्या आहेत. सिडकोतल्या आमच्या गल्लीत मला पाठीमागे 'कोयता काका' म्हणतात. माझ्याकडे कोयता एकही नाही, पण लोकांना कोण समजावणार?

मंगला, म्हणजे आमच्या सौ., म्हणते, "नावातच खांडा आहे, माणूस सरळ कसा निघेल?" लग्नाला पस्तीस वर्षं झाली, तिचा हा एकच विनोद चालू आहे.

हे वेड लागलं तेही तिच्याच माहेरी, नामपूरला. लग्नानंतर चार-पाच वर्षांनी मेहुण्याबरोबर बाजाराला गेलो होतो. तो कांद्याच्या लिलावात अडकला आणि मी उगाच फिरत बसलो. एका कोपऱ्यात एक माणूस गोणपाट अंथरून बसला होता. पुढ्यात पाच सुऱ्या, बस्स. ओरडत नव्हता, बोलावत नव्हता. मी एक उचलली आणि अंगावर काटाच आला. ट्रकच्या पाट्याचं लोखंड, पण पाणी असं दिलेलं की पातं वाकवलं तर वाकेल आणि सोडलं तर सरळ होईल. मूठ बाभळीची. मी दिवसभर मशीनवर मायक्रॉन मोजणारा माणूस, मला त्या पात्यात खोट सापडेना. विचारलं, "मशीनवर घासली का हो?"

तो म्हणाला, "मशीनला हात असते तर घासली असती."

हा इसाकभाई. मालेगावचा. सगळं गाव लूमवर, हा एकटा भट्टीवर. त्या दिवसापासून दर एक-दोन वर्षांनी एक तरी सुरी मी त्याच्याकडून आणलीच. कधी त्याच्या घरी जाऊन, कधी नामपूरच्या बाजारातून. इतरही घेतल्या, नाही असं नाही. जुन्या बाजारातून घेतल्या, निफाडच्या एका बागाईतदाराच्या मागे लागून त्याचा कलम करायचा चाकू घेतला, नंतर तर फोनवर बोट दाबलं की कुठून कुठून खोकी यायला लागली. पण कपाटाचा मधला कप्पा इसाकभाईचा. तिथं दुसऱ्याला जागा नाही.

गेल्या खंडेनवमीला काय झालं कोण जाणे. दरवर्षीसारख्या सगळ्या सुऱ्या काढल्या, पुसल्या, पाटावर मांडल्या, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली. खिशात फोन होता. फोनमध्ये एक जपानी सुरी होती, आठ दिवस तिचा फोटो मोठा करून करून बघत होतो, फक्त बोट दाबायचं बाकी. पूजा झाल्यावर दाबू म्हटलं. पूजा झाली. मी पाटाकडे बघितलं, फोनकडे बघितलं, परत पाटाकडे बघितलं. आणि पंगतीत वाढपी समोर यावा आणि आपण पानावर आडवा हात धरावा, तसं झालं. नको. खरंच नको. पोट भरलं.

मंगलाला हाक मारून सांगितलं, "आजपासून बास. एकही नवी सुरी घ्यायची नाही."

"देवासमोर खोटं बोलू नका," ती म्हणाली. "सणाचा दिवस आहे."

मला राग आला. माणूस आयुष्यात एकदा शहाणपणाचं बोलतो आणि घरचेच हसतात. मी म्हटलं, साक्षीदार ठेवतो. ज्याच्यापासून सुरुवात झाली त्यालाच कळवतो. इसाकभाईकडे साधा फोन, त्यात त्याला ऐकू कमी येतं, म्हणून त्याच्या मुलाच्या, हुजैफाच्या मोबाइलवर मेसेज टाकला: 'इसाकभाईंना सांग, आज मुहूर्तावर मी सुऱ्यांचा संग्रह वाढवला. मनाला फार समाधान आहे.'

आता 'वाढवला' असं का लिहिलं? तर आमची आई, बयाबाई, घरातले तांदूळ संपले तरी 'संपले' म्हणू द्यायची नाही. 'वाढले' म्हणायचं. बांगडी फुटली की वाढली, दिवा मालवला की वाढवला, दुकान मिटलं की वाढवलं. सणासुदीला 'बंद केलं' म्हटलं तर तोंडावर फटका बसायचा. साठी उलटली तरी तो फटका मी विसरलेलो नाही. सणाच्या दिवशी 'बंद' हा शब्द माझ्या बोटातून उतरलाच नाही.

दहा मिनिटांनी उत्तर आलं. तीन अंगठे आणि 'मुबारक हो चाचा'. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, झालं.

कसलं झालं! समाधान ही फार अवघड चीज आहे. ते झाल्यावर करायचं काय, हे कोणी सांगत नाही. पहिला रविवार उजाडला आणि मी सात वाजता बूट घालून दारात उभा. जायचं कुठं? रविवारी मी जुन्या बाजारात जातो. आता तिथं कशाला जाऊ? बूट काढले. नऊ वाजता परत घातले. दुसऱ्या आठवड्यात सगळ्या सुऱ्यांना तेल लावलं. चौथ्या दिवशी पुन्हा लावलं. कपाटाची काच पुसली, कप्पे बदलले, परत होते तसे केले. पेपर उघडायचा आणि एकच ओळ चारदा वाचायची. रात्री झोप लागायची, पण सकाळी हात शिवशिवत असायचे. घ्यायचं तर काही नव्हतं. ती जपानी सुरी डोळ्यांपुढं आणून बघितली, छे, मनच होईना. म्हणजे भूक नाही, आणि ताटावरून उठताही येत नाही.

"अहो, बसा की एका जागी," मंगला म्हणायची. "पाय भाजलेल्या मांजरासारखे काय फिरताय?"

"मी समाधानी आहे," मी ओरडायचो.

"ते गल्लीला ऐकू गेलं," ती म्हणायची.

असे दोन महिने गेले. मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी दुपारी रुखसारचा फोन आला. रुखसार म्हणजे हुजैफाची बायको, इसाकभाईची सून. हुजैफा उर्दू शाळेत शिकला, पण ही सटाण्याला डी.एड. झालेली, तिचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध.

"चाचा, दसऱ्याच्या वेळी तुम्ही अब्बांना काय लिहून पाठवलं होतं?"

मी म्हटलं, "का गं? सुऱ्या घेणं थांबवलं, ते कळवलं."

ती म्हणाली, "यांनी तर वाचून दाखवलं, खंडेराव चाचाने कलेक्शन बढाया है, बहुत खुश है. अब्बा त्याच दिवशी उठले. आता त्याला माझी नवी सुरी लागणार म्हणाले. चाचा, भट्टी पेटवलीय त्यांनी."

मी खुर्चीवरून उठलो. कारण भट्टी बंद होती हे मला माहीत होतं. रमजाननंतर इसाकभाईला झटका आला होता. हृदयाचा. मी जाऊन बघून आलो होतो. डॉक्टरांनी सांगितलं होतं, घण मारायचा नाही, भट्टीच्या धगीजवळ बसायचं नाही, हे वर्ष जपलंत तर पुढचं बघू. हुजैफाने भाता उचलून माळ्यावर टाकला होता.

"अगं, मग थांबवा त्यांना!"

"आमचं कोण ऐकतं? यांनी भाता लपवला तर अब्बा दुसरा घेऊन आले. मी बोलले तर म्हणतात, गिऱ्हाईक थांबलंय, जबान दी है. दोन महिने झाले, चाचा. घण दहादा मारतात आणि भिंतीला टेकून बसतात. ओठ निळे पडतात." तिचा आवाज फुटला. "तुमच्यासाठी चाललंय हे. तुम्हीच या आणि सांगा. एकदम 'काही करू नका' म्हणू नका, तसं म्हटलं की ते जेवत नाहीत. काहीतरी बसून करायचं काम द्या, भट्टीशिवायचं."

मी फोन ठेवला आणि मंगलाला सगळं सांगितलं. ती हसली नाही. तिनं फक्त विचारलं, "साधं 'बंद केला' लिहायला काय झालं होतं?"

काय सांगू? तिच्या सासूचा फटका?

रात्रभर तळमळलो. एका शब्दापायी माणूस मरायला बसलाय आणि मी इथं सुऱ्यांना तेल लावतोय! पहाटे एकदम सुचलं. धार! धार लावायचं काम द्यायचं. दगड, पाणी आणि हात. ना भट्टी, ना घण, सावलीत बसून करायचं. माझ्याच अकलेवर मी खूश झालो. मधल्या कप्प्यातल्या त्याच्याच सात सुऱ्या काढल्या, टॉवेलात गुंडाळल्या, जेवणाच्या डब्याच्या पिशवीत भरल्या आणि द्वारका चौकात जाऊन मालेगाववरून जाणारी धुळ्याची बस पकडली.

खिडकीशी जागा मिळाली तरी बसवेना. ओझरला उठून उभा राहिलो, पिंपळगावला बसलो, परत उठलो. कंडक्टर म्हणाला, "काका, पिशवीत काय खडखडतंय?" मी म्हटलं, "चमचे." सात सुऱ्या म्हटलं असतं तर त्यानं गाडी सरळ पोलीस चौकीत घेतली असती. चांदवडला गाडी दहा मिनिटं थांबली, लोक चहाला उतरले, आणि मी गाडीभोवती तीन चकरा मारल्या. मनात एकच, सांगायचं कसं? सरळ सांगायचं, इसाकभाई, चूक झाली, मला काही नको. म्हणजे दोन महिने त्यानं छाती फोडून जे केलं ते फुकट. आणि नाही सांगितलं तर? ही सुरी घेऊन आलो की तो दुसरी सुरू करणार. मालेगाव आलं तरी काही ठरलं नव्हतं.

इसाकभाईच्या गल्लीत दोन्ही बाजूंनी लूमचा खटाखट आवाज. बोलायचं तर ओरडावं लागतं. म्हातारा बहिरा का झाला ते तिथं कळतं. रुखसारनं दार उघडलं, मला खाली बसवलं आणि सरबतासाठी लिंबू कापायला घेतलं. पिवळ्या प्लास्टिकच्या मुठीची सुरी, बाजारात कशावरही फुकट देतात तसली. लिंबू कापलं जाईना, चिरडत होतं.

"मागे आहेत," ती हळूच म्हणाली. "सकाळपासून."

सरबत तसंच ठेवून मी मागच्या पडवीत गेलो. भट्टी पेटलेली होती. इसाकभाई पाटावर बसून मूठ कानशीनं घासत होता. केवढा वाळला होता! सदरा खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता. पण मला बघितलं आणि डोळे असे लकाकले की मला तोंड लपवावंसं वाटलं.

"काय भाऊ, कसं शे?" नामपूरच्या गिऱ्हाइकांशी बोलून बोलून त्याला अहिराणी लागलेली. "वेळेवर आलास. बस, बस. आजच पुरी झाली."

त्यानं मूठ फडक्यानं पुसली आणि सुरी माझ्या हातात न देता मधल्या लाकडी ठोकळ्यावर ठेवली. सुरी हातातून हातात द्यायची नाही, भांडण होतं, हे तो माझ्याइतकंच मानतो.

मी बघितली. काय सांगू तुम्हाला. वीतभर पातं, टोकाकडे किंचित उचललेलं. हात थरथरतात त्या माणसाचे, पण पात्यावर थरथर कुठंच नव्हती. आजवरची त्याची सगळ्यात चांगली सुरी होती ती, आणि हे त्याला माहीत होतं. आणि मला, दोन महिने समाधानाच्या गप्पा मारणाऱ्या मला, घाम फुटला. ती हवी होती. आत्ता, या क्षणी, खिशात घालून घरी न्यायची होती. हात पुढे गेलासुद्धा.

तो मागे घेतला. म्हटलं, खंडेराव, उचललीस तर मेलास. तू नाही, हा.

"इसाकभाई," मी ओरडूनच बोललो, लूमचा आवाज केवढा. "माझी चूक झाली. मी मेसेजमध्ये 'वाढवला' लिहिलं. ते दुकान वाढवतात तसं. म्हणजे मिटवलं. घेणं थांबवलं मी. हुजैफाला कळलं नाही."

मला वाटलं त्याचा चेहरा पडेल. तो कानशीला चिकटलेला भुसा झटकत राहिला.

"मला कळलं होतं," तो म्हणाला.

"काय?"

"अरे, जिंदगीभर दुकान बढवत आलोय मी. रोज संध्याकाळी. तो शब्द मला नाही कळणार? हुजैफा वाचत होता तेव्हाच कळलं. पोराला चुकीचं वाचू दिलं."

माझं टाळकं सरकलं. "अहो, मग हे कशासाठी? मी तिकडं झोप घालवून बसलोय, पोरगी इकडं रडतेय, आणि तुम्हाला माहीत होतं?"

"कारण पाहिजे होतं," तो शांतपणे म्हणाला. "नुसतं म्हटलं असतं, भट्टी पेटवतो, तर पेटवू दिली असती यांनी? गिऱ्हाईक थांबलंय म्हटलं की कोणी काय बोलणार." त्यानं माझ्याकडे वर बघितलं. "तुझं मन भरलं, खंडेराव. अल्लाहचं देणं आहे, असं सगळ्यांचं भरत नाही. पण माझं नाही भरलं रे. घेणाऱ्याचं भरतं, करणाऱ्याचं भरत नाही. सकाळी उठतो आणि हे दोन हात मांडीवर ठेवून बसतो. किती बघायचं त्यांच्याकडे?"

मांडीवरचे हात मीही दोन महिने बघतच होतो. मग मला माझी युक्ती आठवली. मी घाईघाईनं पिशवी उघडली, टॉवेल सोडला आणि सातही सुऱ्या त्याच्यासमोर मांडल्या.

"त्यासाठीच आलोय. धार लावून द्या. नवीन नको, पण या आहेत त्या तर तुमच्याच ना? सावलीत बसून लावायच्या. घाई नाही."

त्याला ते आवडलं. ओळखीची पोरं घरी आल्यासारखा तो एकेकीकडे बघत होता. "ही चौदा साली. ही हुजैफाच्या लग्नातली. ही तर नामपूरची, पहिली." त्यानं पहिली उचलली आणि अंगठ्याच्या नखावर पातं टेकवलं. धार बघायची त्याची ती पद्धत. नखावर सरकली तर बोथट, रुतली तर धारदार.

रुतली.

त्यानं दुसरी घेतली. रुतली. तिसरी. चौथी घेतली तेव्हा त्याचा चेहरा बदलला होता. सातवी त्यानं खाली ठेवली.

"ही माझीच धार आहे," तो शेवटी म्हणाला.

"हो मग," मी म्हटलं. छाती जरा फुगवूनच म्हटलं. "जपल्यात. महिन्याला तेल. काचेच्या कपाटात."

"काय कापलंस यांनी?"

"कापलं? छे छे, कापतोय कशाला? जपून ठेवल्यात म्हटलं ना."

"एक कांदा?"

मी टॉवेलाची घडी घालायला लागलो.

"एक टमाटा? तीस बरस में एक टमाटा नाही कापला?" त्याचा आवाज चढला. "लोणचं घातलंस का त्यांचं? अरे, मी पात्याला पाणी देतो तेव्हा डोळ्यांपुढं आणतो, भाभी मेथी निवडून बसली असेल, या पात्यानं भाजी चिरतेय. खंडेरावच्या घरात रोजची भाजी माझ्या हातानं चिरली जाते, म्हणून मी खूश व्हायचो. आणि तू मढी सजवून ठेवलीस!"

मलाही लागलं. इतकी वर्षं जीव लावला त्याचं हे फळ? "मग काय गंज चढू द्यायचा होता? लोक तुमची वस्तू चुलीत घालतात, मी देव्हाऱ्यासारखी ठेवली, तर माझ्यावरच ओरडा! आणि मला काय सांगताय? आत जाऊन बघा. तुमची सून पिवळ्या प्लास्टिकच्या सुरीनं लिंबू चिरडतेय. तुमच्या स्वतःच्या घरात तुमची एक सुरी नाही. दिव्याखाली अंधार!"

तो ताडकन उठला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि शब्दच आला नाही. छातीवर हात गेला. ओठ खरंच निळे होते. मी त्याला धरलं, तो माझ्या अंगावर कोसळलाच, गवताच्या पेंढीसारखा हलका. "रुखसार!" मी ओरडलो. ती धावत आली, जिभेखाली गोळी ठेवली, ओढणीनं वारा घालायला लागली. मी त्याला भट्टीपासून ओढून भिंतीला टेकवलं. तो डोळे मिटून पडला होता आणि मी त्याचा हात धरून मनातल्या मनात आईबहिणीवरून स्वतःलाच शिव्या घालत होतो. सांगायला आलो काय आणि केलं काय. माणूस वाचवायला आलो आणि भांडून मारला, असं म्हणतील लोक. म्हणू देत, पण देवा, याला उठव.

पाच मिनिटं गेली असतील. मला पाच तास वाटले. मग त्याचा श्वास ठिकाणावर आला. डोळे उघडले. पहिल्यांदा त्यानं सुनेकडे बघितलं.

"पिवळी?" त्यानं विचारलं.

रुखसार ओशाळली. "अब्बा, तुम्ही कधी दिलीच नाही. सगळ्या गिऱ्हाइकांच्या असायच्या."

त्यानं ठोकळ्यावरच्या नव्या सुरीकडे बोट केलं. "ती घे. तुझी." ती नको नको म्हणायला लागली तर माझ्याकडे बघून म्हणाला, "याचं पोट भरलंय, त्याला नको आहे. घे." आणि लगेच, जणू त्याच कामाचा भाग असल्यासारखं, "आणि त्या भट्टीवर राख टाक. गरम होतंय."

तिनं राख टाकली. मी टॉवेलात सुऱ्या गुंडाळायला लागलो. म्हटलं, आता जावं. आपण या घरात काय तोंड दाखवायचं.

"थांब," तो म्हणाला. "माझ्या एकंदर किती आहेत तुझ्याकडे?"

"बावीस."

"बावीस." त्यानं डोळे मिटले. "धार लावायला आणल्यास, पण धार तर आहेच. आहे त्या धारेवर मी काय करू? जा, बोथट करून आण. रोज वापरायच्या. एक घ्यायची, बोथट होईपर्यंत सोडायची नाही, झाली की मला आणून द्यायची. मग मी लावीन."

"घरात दोनच माणसं," मी म्हटलं. "तुमचं पोलाद लवकर बोथट व्हायचं नाही. एकीला दोन महिने तरी लागतील."

"लागू देत." तो बोटांच्या पेरांवर मोजायला लागला, शाळेतल्या पाढ्याच्या सुरात. "बावीस दुणे चव्वेचाळीस. चव्वेचाळीस महिने." थांबला. परत मोजलं. मग मान वळवून सुनेला म्हणाला, "रुखसार, डॉक्टरला सांग. चार वर्षं मला मरायला सवड नाही."

ती हसली की रडली, कळलं नाही. ओढणी तोंडावर होती. मलाही नीट दिसत नव्हतं, पण मी मुळात चिडका माणूस, मी म्हटलं, "रडताय काय दोघं? स्वयंपाक व्हायचाय ना? कांदे आण इकडे."

तिनं टोपलीच आणून ठेवली. मी चौदा सालची सुरी टॉवेलातून काढली आणि पाटावर बसलो. मला कांदा चिरता येत नाही. पहिला वाकडा झाला, दुसरा निसटून भिंतीला जाऊन आपटला, तिसऱ्याला बोट कापलं. इसाकभाई भिंतीला टेकून बघत होता आणि हसत होता. रक्त थांबेना तेव्हा म्हणाला, "आहिस्ता, भाऊ. चार वर्षं आहेत."